स्कोन : घरगुती कृती

स्कोन. मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर यांपासून झटपट होणारा, मऊ पोटाचा आणि किंचित खुसखुशीत पाठीचा ब्रिटिश पाव. यीस्ट लागत नाही, पीठ फुगण्याची वाट पाहावी लागत नाही. मूळ स्कॉटलंडचे, तेथे ओट किंवा जवाच्या पिठाची जाड चकती चुलीवरच्या लोखंडी तव्यावर भाजून तिचे चार तुकडे करीत. एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर आली आणि भट्टीत भाजलेला, उंच फुगणारा आजचा स्कोन रूढ झाला. इंग्लंडात तो दुपारच्या चहाबरोबर जॅम आणि घट्ट सायीसोबत खातात. जॅम आधी की साय आधी, यावर कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारी परगण्यांचे अजून एकमत नाही.

पुण्याच्या लष्कर भागातील बेकऱ्यांनी इंग्रजी बिस्किटे आपलीशी केली. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. स्कोनला मात्र हे भाग्य लाभले नाही. खारी, टोस्ट, नानकटाई बरणीत आठवडाभर टिकतात, स्कोन संध्याकाळीच शिळा होतो. म्हणून तो घरीच करावा. शहराबाहेर, उदाहरणार्थ निघोजे (ता. खेड, जि. पुणे) येथेही तेच लागू. फोक्सवॅगन आणि महिंद्रा यांच्या कारखान्यांमुळे चाकण औद्योगिक पट्ट्यात आलेल्या या गावात चहाबरोबर खारी कोपऱ्यावर मिळते, ताजा स्कोन मिळण्याची आशा धरू नये.

साहित्य : मैदा २५० ग्रॅम, थंड लोणी ६० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ सपाट चहाचे चमचे, साखर २५ ग्रॅम, थंड दूध सुमारे १५० मिलि. लोणी विकतचे खारे असेल तर मीठ घालू नये. घरचे लोणी वापरायचे तर ताक पूर्ण निघेपर्यंत धुऊन फ्रिजमध्ये कडक करावे. दुधाऐवजी ताक घेतल्यास बेकिंग पावडर एक चमचा पुरे, जोडीला अर्धा चमचा खायचा सोडा. ताकाच्या आंबटपणाने सोड्याचा वायू सुटतो. साध्या दुधात नुसता सोडा घातला, तर स्कोन पिवळट होतो आणि साबणासारखा लागतो.

शंकरपाळे-करंज्या करणाऱ्या हाताला येथे सवय मोडावी लागते. आपले मोहन कडकडीत, स्कोनचे फ्रिजमधले. बोटांच्या टोकांनी लोणी मैद्यात भराभर चोळावे, पीठ जाड रव्यासारखे दिसले की थांबावे. लोण्याचे बारीक कण शाबूत राहिले, तर भट्टीत त्यांतील पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. हाताच्या उबेने ते वितळले, की पिठात मुरतात आणि स्कोन बिस्किटासारखा बसका होतो. एप्रिल-मेमध्ये म्हणूनच सकाळी लवकर करावा, मैदाही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा.

दूध घातल्यावर कणकेसारखे मळू नये आणि मुरतही ठेवू नये. मळले की चिवटपणा येतो; ठेवले की बेकिंग पावडरचा वायू वाया जातो. ओव्हन आधीच तापलेला हवा. गोळा ओलसर, ओबडधोबड दिसला तरी चालेल, किंबहुना तसाच हवा. लाटणे न घेता तळव्याने अडीच सेंटिमीटर जाड थापावा. पोळीच्या पुऱ्या पाडायची स्टीलची वाटी येथे कामाची नाही : तिची बोथट कड पदर दाबून चिकटवते आणि स्कोन एका अंगाला कलतो. धारदार सुरीने सरळ खाली दाबून चौकोन किंवा त्रिकोण कापावेत. वरून दूध लावावे, पण ते कडेने ओघळू देऊ नये. २२० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटांत ७-८ स्कोन होतात.

भाड्याच्या एका खोलीत ओव्हन नसतो. तेथे तवा घ्यावा. ही तडजोड मानण्याचे कारण नाही, जुनी स्कॉटिश रीत तीच. जाडी दीड सेंटिमीटर ठेवून, जाड बुडाच्या तव्यावर, झाकण घालून, अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू पाच-सहा मिनिटे भाजाव्यात. स्कोन फार उंच होत नाही, पण चव उतरत नाही. शिट्टी काढलेल्या कुकरमधला स्कोन मात्र वरून पांढुरकाच राहतो. कोणत्याही रीतीत निम्म्या मैद्याऐवजी कणीक घालता येते. दूध थोडे जास्त लागते आणि स्कोन जड होतो.

सोबत महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा जॅम आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या म्हशीच्या दुधाची जाड साय उत्तम. सायीत साखर घालू नये, जॅममध्ये ती पुरेशी असते.

पाळीने काम करणाऱ्या घरांसाठी सोय अशी, की कापलेले कच्चे तुकडे फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. ते न वितळवता थेट भाजावेत, तीन-चार मिनिटे जास्त द्यावीत.