शिशाची गोळी आणि मोठी शिकार

ठासणीच्या बंदुकीच्या काळात गोळी निवडणे म्हणजे शिसे निवडणे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि वरून गजाने ठासणी. बंदुकीचे मापही शिशावरूनच ठरे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसे ती बारा बोअरची बंदूक. तिची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची.

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेश गावाच्या आसपासचा बालाघाटी मुलूख उघड्या माळांचा आणि घळींचा. तेव्हा इथली शिकार काळवीट, चिंकारा, रानडुक्कर, फार तर बिबट्या. एवढ्या अंगाला मऊ शिसे पुरे, कारण मांसात शिरताच ते पसरते. गव्याच्या जाड कातड्याखालच्या हाडावर मात्र तीच गोळी चपटी होऊन अडकते. म्हणून जाणते शिकारी शिशात थोडे कथील मिसळून ती कडक करीत. सैन्याधिकारी जेम्स फोर्सिथ याने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

चुकीच्या गोळीची झळ बंदूकवाल्यापेक्षा हाक्याला जमवलेल्या गावकऱ्यांना अधिक बसे. जखमी बिबट्या घळीत शिरला, की झुडपे झोडपायला पुढे तेच असत.

बिनधुराची दारू आली आणि हिशेब बदलला. १८९८ च्या सुमारास निघालेल्या .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतुसाची सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५० मीटरच्या आसपास वेगाने सुटे. या वेगात नुसते शिसे टिकत नाही, त्याला धातूचे कवच लागते. टोक उघडे ठेवलेली गोळी अंगात फुलते, ती वाघ-बिबट्यासाठी. पूर्ण कवचाची सरळ आत घुसते, ती हत्ती-गव्यासाठी. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने .४५० मापाच्या काडतुसांच्या आयातीवर हिंदुस्थानात बंदी घातली. हे माप जुन्या लष्करी मार्टिनी रायफलींचेही होते आणि दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. त्यामुळे .४६५, .४७० ही मापे पुढे आली.

लिंबागणेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातल्या मोठ्या शिकारी दूर तेलंगणच्या जंगलांत होत. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये वरंगळकडच्या नेकोंड्याला वाघ मारला, त्याचे छायाचित्रकार दीनदयाळांनी काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ आणि काळवीट यांच्या शिकारीला बंदी आली.