पाच फूट जाडीची वही

एखादं काम रेंगाळलं की आपण पहिली सूचना करतो, माणसं वाढवा. विहीर खणायची असो, ऊस तोडायचा असो की लग्नाच्या पंगतीत वाढायचं असो, ही सूचना रास्तच असते. चार हातांच्या जागी आठ हात लागले की काम लवकर उरकतं. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर एक असं काम जन्माला आलं, की त्याला हा हिशेब लागूच पडेना. ते काम म्हणजे संगणकासाठी सॉफ्टवेअर लिहिणं. आणि हे कळण्यासाठी अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीला फार मोठी किंमत मोजावी लागली.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टीम ३६०' या संगणकांची घोषणा केली. तोवर प्रत्येक यंत्राची तऱ्हा निराळी. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेलच असं नसे. आता लहान-मोठ्या यंत्रांचं एक कुटुंबच येणार होतं आणि त्या सगळ्यांना एकच बोली कळणार होती. या प्रकल्पाची धुरा फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होती. वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. जाता जाता सांगतो, इंग्रजीची मोठी आणि लहान अशी दोन्ही अक्षरं संगणकात सहज मावू लागली, त्यामागे आठ बिटांची 'बाईट' घेण्याचा याच गृहस्थांचा निर्णय होता. अक्षरांवर जगणाऱ्या माणसाला एवढ्यावरच त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी.

यंत्रं झाली. घोडं अडलं ते यंत्रं चालवणाऱ्या 'ओएस ३६०' या प्रणालीपाशी. ती जबाबदारीही ब्रुक्स यांच्याकडे आली. काम ऐन भरात असताना त्यावर हजाराहून अधिक माणसं होती. १९६३ ते १९६६ या काळात सुमारे पाच हजार मनुष्य-वर्षं त्यात गेली असावीत, असा खुद्द ब्रुक्स यांचा अंदाज. तरीही प्रणाली उशिरा आली, खर्च ठरल्याच्या कितीतरी पट झाला आणि पहिल्या काही आवृत्त्या निघेपर्यंत ती धड चालेना.

पुढे ब्रुक्स नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शिकवायला निघाले, तेव्हा कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी त्यांना विचारलं, की यंत्रं बनवून घेण्यापेक्षा प्रोग्रॅम लिहून घेणं इतकं अवघड का? त्याचं उत्तर १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकाच्या रूपाने आलं. उशीर झालेल्या कामावर नवी माणसं घातली तर ते आणखी उशिरा होतं, हा त्यातला सिद्धान्त आज ब्रुक्स यांच्याच नावाने ओळखला जातो. कारण साधं आहे. नव्या माणसाला शिकवायचं कोणी? जे आधीच घाईला आलेत, त्यांनीच. शिवाय प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. तिघांत बोलण्याच्या वाटा तीन. दहा जणांत पंचेचाळीस. पन्नास जणांत १२२५!

पण मित्रहो, मला त्या पुस्तकातली सगळ्यात बोलकी वाटते ती एका वहीची हकिकत. या प्रकल्पातल्या प्रत्येकाला प्रकल्पातलं सगळं ठाऊक असावं, असं ब्रुक्स यांचं मत होतं. हेतू चांगला, लोकशाहीचा म्हणावा असा. म्हणून सगळ्या तपशिलांची एक वही केली आणि तिची प्रत प्रत्येकाला दिली. सहा महिन्यांत ती वही पाच फूट जाडीची झाली. रोज बदललेली सुमारे दीडशे पानं यायची, जुनी काढायची, नवी लावायची. दिवसाचा बराच वेळ त्यातच जाऊ लागला. अखेर कागद सोडून मायक्रोफिश आणल्या. जागा वाचली, पण वाचणाऱ्याचं डोकं होतं तेवढंच राहिलं.

याच सुमारास डेव्हिड पार्नास नावाचे संशोधक नेमकं उलटं सांगत होते. १९७२ च्या त्यांच्या निबंधाचं सार असं, की प्रणालीचे तुकडे असे पाडा की प्रत्येक तुकड्याचं पोट झाकलेलं राहील. दुसऱ्याला दिसावी ती फक्त देवाणघेवाणीची खिडकी. गझल लिहिणाऱ्याला ही कल्पना परकी वाटत नाही. गझलेतला प्रत्येक शेर आपल्यापुरता पूर्ण असतो. एका शेराला दुसऱ्याच्या पोटातलं काही ठाऊक नसलं तरी चालतं. वृत्त, काफिया आणि रदीफ एवढा करार पाळला की झालं.

पार्नास यांचं म्हणणं का पटावं, याचा पाया मानसशास्त्रात आधीच घातला गेला होता. माणसाला एका वेळी साधारण सातच गोष्टी मनात धरता येतात, दोन कमी किंवा दोन जास्त, असं जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं. पुढच्या संशोधकांनी तो आकडा आणखी खाली आणला. ऑस्ट्रेलियाचे जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये शिकणाऱ्याच्या मनावर पडणाऱ्या भाराचा विचार मांडला. आणि २०१९ साली मॅथ्यू स्केल्टन आणि मॅन्युएल पाइश यांनी 'टीम टोपॉलॉजीज' या पुस्तकात तोच भार सॉफ्टवेअरच्या गटांना लावला. गटाला किती पेलवेल ते आधी बघा, मग प्रणालीचे तुकडे पाडा. न पेलणारं ओझं दुसऱ्या गटाकडे द्या.

हे बोलायला सोपं आहे. हिंजवडीत किंवा बंगळुरात काम करणाऱ्या मुलामुलींच्या हजेरीचे तास मोजले जातात. पण त्यांना एकाच वेळी किती प्रणाली डोक्यात वागवाव्या लागतात, याचा रकाना मात्र कुठल्या तक्त्यात सहसा नसतो. आणि गटांची चुकलेली वाटणी प्रणालीतही उतरते. मेल्विन कॉनवे यांनी हे १९६८ सालीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी दिलेलं उदाहरण मजेचं आहे. आठ जणांना दोन कंपायलर लिहायचे होते. पाच जण कोबोलवर बसवले, तीन अल्गॉलवर. कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालणारा झाला, अल्गॉलचा तीन टप्प्यांत! 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने तो लेख सिद्धता नाही म्हणून परत पाठवला होता. मग तो 'डेटामेशन' या मासिकात आला.

राहता राहिले ब्रुक्स. १९७५ च्या पुस्तकात त्यांनी पार्नास यांचा उपाय रचना म्हणून वाखाणला होता, पण त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे संकटाला आमंत्रण, असंही बजावलं होतं. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, नवी आवृत्ती निघाली. तिच्यात भर घातलेल्या एका प्रकरणात त्यांनी सरळ लिहिलं, की पार्नास बरोबर होते आणि मी चुकलो. २०२२ साली वारलेल्या या गृहस्थांनी त्या आवृत्तीत जुनी प्रकरणं मात्र होती तशीच छापली. त्यामुळे पार्नास यांच्यावरचा तो शेरा आणि पाच फुटी वहीची ती हकिकत, दोन्ही आजही त्या पुस्तकात वाचायला मिळतात.