चाबूक हातीं घेणारी नायिका

१९३५ सालीं मुंबईच्या सुपर सिनेमांत 'हंटरवाली' हा बोलपट लागला. तो घेण्यास वितरक धजत नव्हते. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची गोरी बाई, हिंदी उच्चार अडखळते, आणि ती डोळ्यांवर मुखवटा चढवून पुरुषांना चाबकानें फोडून काढणार! हें खपेल कोठें? अखेरीस निर्मात्यांनीं तो स्वतःच्या जबाबदारीवर दाखविला, आणि चित्रगृहावर लोटलेली गर्दी कित्येक आठवडे ओसरली नाहीं.

बावीसच वर्षांपूर्वीं, १९१३ सालीं, दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्रा'तील तारामतीसाठीं स्त्री मिळाली नव्हती. साळुंके नांवाच्या तरुणाला लुगडें नेसवावें लागलें होतें.

'हंटरवाली'ची नादिया हिचें मूळ नांव मेरी इव्हान्स. जन्म १९०८, ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं. लहानपणींच ती मुंबईस आली. दुकानांत नोकरी, मग नाच, मग सर्कस, असें करीत ती जमशेद व होमी या वाडिया बंधूंकडे पोंचली. नंदादेवी असें नांव घ्यावें, काळ्या वेण्यांचा टोप घालावा, ही सूचना तिनें साफ नाकारली. घोडदौड, उंचावरून उड्या, धांवत्या आगगाडीच्या टपावरील मारामारी, हीं कामें ती स्वतःच करी.

परंतु विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ही नायिका हत्यार कां उचलते? 'हंटरवाली'ंतील राजकन्या माधुरी तें उचलते, कारण पिता वजिराच्या कैदेंत आहे आणि प्रजा नागवली जात आहे. 'डायमंड क्वीन' (१९४०) मधील नायिका तर मुंबईस शिकून गांवीं परतते व गुंडांचा समाचार घेते. अन्याय दिसला, एवढें कारण तिला पुरे होतें. सुशिक्षित घरांत या स्टंटपटांना नाक मुरडलें जाई. तेथें मान 'प्रभात'च्या 'अमरज्योती'ला (१९३६). त्यांत दुर्गाबाई खोट्यांची सौदामिनी समुद्रावर चांचेगिरी करते, पण केव्हां? कायद्यानें तिचें मूल हिरावून घेतल्यावर. दुखावलेल्या आईला तलवार शोभते, हसतमुख तरुणीला चाबूक शोभत नाहीं, असा कांहीं तरी न्याय असावा.

पुढें कित्येक वर्षें याच न्यायाचें राज्य चाललें. 'प्रतिघात'मध्यें (१९८७) भर रस्त्यांत विटंबना झालेली अध्यापिका, 'खून भरी माँग'मध्यें (१९८८) पतीनें मगरीपुढें लोटलेली पत्नी. त्याच सालच्या 'जख्मी औरत'ची नायिका पोलिस अधिकारी. पण अंगावर वर्दी असूनही तिच्यावर आधीं बलात्कार व्हावा लागतो, मग तिला लढण्याचा हक्क मिळतो! प्रेक्षक टाळ्या देत, पण त्या टाळ्यांचें मोल बाईच्या विटंबनेनें आधींच चुकविलेलें असे.

२०१४ च्या 'मर्दानी'तील शिवानी रॉय ही मुंबईची पोलिस अधिकारी मुलींचा व्यापार करणाऱ्यांच्या मागें लागते, ती कामाचा भाग म्हणून आणि एका हरवलेल्या पोरीच्या मायेपोटीं. एकोणऐंशी वर्षांनीं गाडी जुन्या रुळावर आली. नांव मात्र 'मर्दानी'!

नादियाचा होमी वाडियांशीं विवाह झाला तो १९६१ सालीं. १९९३ मध्यें वाडिया घराण्यांतीलच रियाद वाडिया यांनीं तिच्यावर माहितीपट काढला, तेव्हां ती पंचाऐंशी वर्षांची होती. १९९६ सालीं मुंबईंतच ती वारली.