एक टर्बो बदलताना

आपल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत जुन्या गाड्यांचा शौक असणारी तरुण मंडळी बरीच आहेत. कुणाकडे वडिलांनी पुण्याहून आणलेली सफारी असते, कुणी पहिल्या पिढीची स्कॉर्पिओ हौसेने विकत घेऊन तिच्यावर रविवार खर्च करतो. मी रेल्वेत डिझेल इंजिनांवर काम केलेला माणूस. त्यामुळे ही मंडळी भेटली की हमखास विचारतात, "काका, मोठा टर्बो बसवला तर गाडी किती पळेल?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण भारतीय रेल्वेने हाच प्रश्न तीस-चाळीस वर्षे सोडवला आहे आणि तो इतिहास फारसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

टर्बो म्हणजे काय?

डिझेल जाळायला हवा लागते. सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावेल तेवढेच डिझेल नीट जळते. म्हणजे ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठा करा, नाहीतर त्याच सिलिंडरात हवा दाबून भरा. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये दुसऱ्या उपायाचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चक्राने हवा दाबून इंजिनाला पुरवायची, अशी ती कल्पना. ती व्यवहारात यायला वीस वर्षे गेली. आधी जहाजांची इंजिने, मग रेल्वेची आणि मालमोटारींची इंजिने असा टर्बोचा प्रवास झाला. मोटारगाडीत तो सर्वांत शेवटी आला.

१९६२ साल या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोलेट कॉर्व्हेर या पहिल्या टर्बो मोटारी बाजारात आल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्याच अल्को कंपनीचे टर्बो असलेले, २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ हे रेल्वे इंजिन भारतात आले.

जेटफायरचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. दाबलेल्या हवेमुळे पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती. त्याची वेगळी टाकी होती. मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की दाब कमी होई, गाडी मरगळे, तक्रारी येत. शेवटी कंपनीच्या विक्रेत्यांनी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. म्हणजे टर्बो गाडीतली अगदी पहिली 'बदलाबदली' टर्बो बसवण्याची नव्हती, काढण्याची होती! टर्बो वाईट नव्हता. त्याच्यासोबत जे सांभाळायला हवे होते ते सांभाळले गेले नाही.

डब्ल्यूडीएम-२ ची कहाणी

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये भारतात बनलेले पहिले डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडले. पुढे अशी अडीच हजारांहून जास्त इंजिने झाली. पुण्याची घोरपडी शेड, कल्याण शेड, आपल्या इथली कृष्णराजपुरमची शेड, सगळीकडे अल्कोचे घराणे नांदत होते. मुंबई-बेंगळुरू उद्यान एक्स्प्रेसने सुट्टीला गावी जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे याच घराण्याच्या इंजिनामागे बसून प्रवास केला आहे. गाडी सुटताना काळ्या धुराचा लोट उठायचा, तो आठवत असेल. त्या धुराचे कारणही टर्बोच. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढते, पण टर्बोचे जड चक्र वेग घ्यायला काही सेकंद घेते. तेवढ्या वेळात हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून धूर. जुन्या टर्बो मोटारीत पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेपावते, तेही याच कारणाने.

१९६९ मध्ये अमेरिकेत अल्कोने रेल्वे इंजिने बनवणे बंद केले. मूळ घर बंद पडले आणि संसार आपल्याकडे राहिला. ज्या गाडीची कंपनी उरली नाही तिच्या मालकाची जी अवस्था होते तीच रेल्वेची झाली, फक्त 'गाड्या' हजारोंनी होत्या. सुटे भाग इथेच बनवणे आणि सुधारणाही इथेच करणे भाग होते. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था या कामाला लागली.

मूळ अल्को टर्बोची कार्यक्षमता बेताची होती. मग एबीबी, नेपियर, जीई, हिस्पानो-सुइझा अशा निरनिराळ्या घराण्यांचे टर्बो त्याच इंजिनावर बसवले गेले. आता इथे नीट लक्ष द्या. नुसता टर्बो बदलला नाही. जास्त हवा आली म्हणून ती थंड करणारा आफ्टरकूलर मोठा केला, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. डिझेल कमी वेळात जास्त दाबाने जावे म्हणून इंधनपंपाचा प्लंजर १५ मिलिमीटरऐवजी १७ मिलिमीटरचा केला. झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ बदलावी म्हणून कॅमशाफ्ट बदलला. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ वाढवला, म्हणजे ताजी हवा सिलिंडरातून वाहून त्याला आतून थंड करील. जास्त दाब आणि उष्णता सोसावी म्हणून पोलादी माथ्याचे पिस्टन आले. सिलिंडर मात्र तेच, सोळा. त्यांचा व्यास ९ इंच, तोही तोच.

या सगळ्याचे फळ म्हणजे १९९४ मध्ये आलेले ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२सी, ज्याला पुढे डब्ल्यूडीएम-३ए म्हणू लागले. तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून सुमारे १९ टक्के जास्त ताकद मिळाली. पतियाळाच्या कारखान्यात अर्धे आयुष्य झालेली जुनी इंजिनेही पूर्ण उघडून नव्याने बांधली जात, त्यांतल्या कित्येकांना हीच वाढीव ताकद मिळाली. २६०० वरून ३१०० वर जायला तीस वर्षे लागली, हे आपल्या तरुण मित्रांनी ध्यानात घ्यावे. शनिवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये झालेले हे काम नव्हते.

शेडमधली शिस्त

कारखान्याइतकेच महत्त्व शेडला. टर्बो बदलण्याआधी तो का बिघडला हे शोधायचे, हा शेडचा पहिला धडा. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल खराब असेल, गाळणी तुंबली असेल किंवा इंजिनातून तुटलेला एखादा तुकडा धुराबरोबर आला असेल, तर नवा टर्बोही महिनाभरात जुन्याच्या वाटेने जातो. इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ आपोआप फिरत राहतो हे घड्याळ लावून ऐकायची पद्धत होती. साधारण दीड ते तीन मिनिटे फिरला तर प्रकृती ठीक. लवकर थांबला तर बेअरिंग आवळले आहे किंवा चक्र कुठेतरी घासते आहे असे समजायचे. यासाठी कसलेही महागडे यंत्र लागत नाही, कान आणि घड्याळ पुरते. आणि प्रत्येक टर्बोचा क्रमांक, कोणत्या इंजिनावर कधी चढला, का उतरला, याची वहीत नोंद असायची.

आपल्या मोटारी

महाराष्ट्राने देशाला टर्बो डिझेल मोटारींची चांगली घराणी दिली. पुण्याच्या टेल्कोची सिएरा १९९१ मध्ये आली, पुढे तिला टर्बो मिळाला. १९९८ ची सफारी टर्बो घेऊनच जन्मली. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली, ती नाशिकच्या कारखान्यातली. आणि डिझेल गाड्यांचे इंधनपंप म्हटले की आपल्या बेंगळुरूचे नाव येतेच. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायकोचा आडुगोडीचा कारखाना त्यासाठी प्रसिद्ध होता. हीच मायको २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली.

या गाड्यांत बदल करताना रेल्वेचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. मोटारीचा टर्बो लहान असतो, म्हणून मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. मोठे चक्र बसवले तर वरच्या वेगात ताकद मिळते, पण सिग्नलवरून निघताना गाडी आणखी मंद होते. टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो लावणे तर आणखी अवघड. बाहेरून एकसारखी दिसणारी दोन इंजिने आतून वेगळी असतात. टर्बोवाल्याचे पिस्टन, पिस्टनवर खालून तेल उडवणारी नळी, दाबाचे गुणोत्तर, हेड गॅस्केट यांत फरक असू शकतो. जुन्या यांत्रिक पंपावर हवेच्या दाबानुसार डिझेल वाढवणारी डबी असते, ती जुळवून घ्यावी लागते. २००५ च्या सुमारास कॉमन रेल आली तेव्हापासून हे काम संगणक करतो. तो नकाशा बदलणारे 'चिप'वाले आपल्याच गल्लीत भेटतात. नकाशा बदलायला अर्धा तास लागतो, पण पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुनेच राहतात.

एक धोका आवर्जून सांगतो. टर्बोचे तेलाचे सील गेले की तेल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. डिझेल इंजिन मग स्वतःच्याच तेलावर धावू लागते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो आणि वेग वाढतच जातो. हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल आणि आतच बसलेले असाल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. ते जमत नसेल तर गाडीपासून लांब जावे. फिरत्या इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी हात नेऊ नये. स्वस्तातला 'रिकंडिशन' टर्बो बसवताना ही गोष्ट डोळ्यांपुढे असावी. होसूर रोडच्या उड्डाणपुलावर भर वेगात असे झाले तर त्याची किंमत फक्त मालक मोजत नाही, मागून येणारी दुचाकीही मोजते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. म्हणून त्याच प्रतीचा, त्याच क्रमांकाचा भाग बसवणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

तर मित्रहो, जुनी गाडी जरूर सांभाळा. ती टिकवणे हे पैशांचेच नव्हे तर कौशल्याचेही काम आहे. गॅरेजवाल्याला आधी विचारा, जुना टर्बो का गेला? तेलाची नळी आणि गाळणी बदलणार का? हवा वाढली तर थंड कशाने करणार? ब्रेक त्याला पुरतील का? लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे शांत चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या दांड्यावर तेल करपणार नाही. आणि एक वही घाला. कोणता भाग, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, का बदलला, हे लिहा. आज रुळांवर बहुतेक ठिकाणी विजेची इंजिने धावतात, अल्कोच्या घराण्याचे दिवस सरत आले. पण परदेशातले माहेर बंद पडल्यावरही ते घराणे इथे काही दशके चालले, ते अशा वह्यांच्या जोरावर.