आलेख-व्याकरण आणि मॉडेल-रूपांतरण

आलेख-व्याकरण : एका आकृतीतून दुसरी आकृती घडवण्याचे नियम नेमकेपणाने मांडणारी गणिती पद्धत. सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीत एका जातीच्या मॉडेलचे दुसऱ्या जातीच्या मॉडेलमध्ये रूपांतर कसे करायचे, हे लिहून ठेवायला ती वापरतात. इथला आलेख म्हणजे शाळेतल्या आलेखकागदावरची चढती-उतरती रेघ नव्हे. ठिपके (शिरोबिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (कडा), एवढेच.

नियमाला डावी आणि उजवी बाजू असते. डावीकडचा आकार मूळ आलेखात शोधायचा. सापडला की त्या जागी उजवीकडचा बसवायचा. ही कल्पना जॉन फाल्ट्झ व अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनी १९६९ मध्ये मांडली. १९७३ मध्ये एरिग, फेंडर व श्नायडर यांनी तिला बीजगणिताची बैठक दिली.

समजा, पारोळ्याच्या एखाद्या कापूस व्यापाऱ्याचा हिशेब संगणकावर घ्यायचा आहे. आराखड्यात, म्हणजे मूळ मॉडेलमध्ये, ‘शेतकरी’ व ‘खेप’ असे दोन वर्ग आणि मध्ये ‘आणतो’ ही कडा. शेतकऱ्याच्या खेपा अनेक, खेप मात्र एकाचीच. पहिला नियम : वर्ग दिसला की त्याच्या नावाचा तक्ता करा. दुसरा : अशी एकास-अनेक कडा दिसली की ‘अनेक’ बाजूच्या तक्त्यात दुसऱ्या बाजूचा क्रमांक धरणारा रकाना घाला. झाले, खेपेच्या तक्त्यात शेतकऱ्याचा क्रमांक आला. उद्या आराखड्यात ‘अडत्या’ आला तरी नियम तेच. मात्र पहिल्या नियमाला ‘या वर्गाचा तक्ता आधी झालेला नसावा’ ही नकारात्मक अट हवी. ती विसरली की यंत्र एकाच वर्गाचे तक्ते करत बसते.

खरी मेख पुसण्यात आहे. नियम ‘शेतकरी’ पुसायला सांगतो, पण त्याला लागलेल्या ‘आणतो’ या कडेबद्दल काहीच बोलत नाही. मग ती लोंबकळणार. बीजगणिती मांडणीच्या ‘दुहेरी पुशआउट’ पद्धतीत असा नियम लागूच होत नाही. ‘एकेरी’ पद्धतीत कडाही पुसली जाते. हिशेबाला पहिली पद्धत बरी : खेप आहे आणि मालक नाही, हे वहीत चालत नाही.

अँडी श्युर यांचे तिहेरी आलेख-व्याकरण १९९४ चे. त्यात दोन मॉडेलांमधले दुवे तिसऱ्या आलेखात ठेवतात, त्यामुळे एकाच नियमसंचातून दोन्ही दिशांची रूपांतरे निघतात. सिद्धांत देखणा आहे. पण मोठ्या आलेखात आकार शोधणे वेळखाऊ असते, आणि दोन नियम एकाच तुकड्यावर हक्क सांगू लागले तर क्रमाचा प्रश्न येतो. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातले ‘एजीजी’ हे साधन असे तंटे आधीच दाखवून देते.

महाराष्ट्रात या विषयाशी जवळचे काम पुण्यात, हडपसरच्या टाटा संशोधन विकास व संरचना केंद्रात (स्थापना १९८१) झाले. २००२ मध्ये ओएमजी या मानकसंस्थेने मॉडेल-रूपांतरणाच्या भाषेसाठी प्रस्ताव मागवले. तेव्हा ‘क्यूव्हीटी-पार्टनर्स’ गटात केंद्राचे श्रीधर रेड्डी व आर. व्यंकटेश हे ब्रिटिश संशोधकांबरोबर होते. त्या प्रस्तावांतून घडलेल्या ‘क्यूव्हीटी’ मानकाच्या ‘रिलेशन्स’ भागात नियम आकृतिबंधांच्या जोड्यांनीच लिहितात. तिहेरी व्याकरणाशी त्याचे साम्य उघड आहे. मानकाची १.० आवृत्ती एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.