विज्ञानस्पर्धा : निवड आणि जोपासना

विद्येची परीक्षा घ्यावी आणि विद्वानाचा दक्षिणेने सन्मान करावा, ही रीत मराठी मुलखाला परकी नाही. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणेसाठी पुण्यास दूरदूरचे शास्त्री-पंडित जमत. पेशवाई गेली तरी दक्षिणेचा निधी राहिला. १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यातील काही मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या रकमेचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथांस पारितोषिके देण्याकडे लावावा. शास्त्रीमंडळींत त्यामुळे मोठा क्षोभ झाला. विद्येचा गौरव करावयाचा तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या गुणासाठी, हा त्या अर्जामागील प्रश्न होता. शतकानंतर शाळकरी मुलांच्या विज्ञानस्पर्धांत तोच पुन्हा उभा राहिला, म्हणून त्यांचा इतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्वतंत्र भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली विज्ञानातील प्रज्ञाशोधाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या अवघ्या १० होत्या. १९६४ साली ती सर्व राज्यांस व संघप्रदेशांस लागू होऊन शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. १९६१ च्या अखेरीस मुक्त झालेल्या गोमंतकालाही हे दार उघडले. अकरावीच्या विद्यार्थ्यास अभिरुची-चाचणी द्यावी लागे, विज्ञानविषयावर निबंध लिहावा लागे, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल सादर करावा लागे आणि शेवटी मुलाखतीस सामोरे जावे लागे. निवड झालेल्यास मूलभूत विज्ञानांच्या अभ्यासासाठी थेट डॉक्टरेटपर्यंत साहाय्य मिळे. मुलाने काय पाठ केले याबरोबरच त्याने काय करून पाहिले, हेही ही परीक्षा विचारीत होती. हा तिचा मोठा गुण होय. मात्र परीक्षेचे माध्यम इंग्रजी होते. मायबोलीतून शिकणाऱ्या खेड्यातील बुद्धिमान मुलाची वाट त्यामुळे उंबरठ्यावरच अडे.

१९७६ साली दहा-अधिक-दोन-अधिक-तीन या नव्या शिक्षणक्रमानुसार योजनेचे स्वरूप पालटले. सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी व वैद्यक यांचा तीत समावेश झाला आणि शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. तथापि निवडीसाठी वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दोन चाचण्या आणि मुलाखत एवढेच उरले, प्रकल्प गेला. हजारो उत्तरपत्रिका तपासण्यास ही पद्धत सोयीची खरी. पण पर्यायावर खूण करणे आणि स्वतः प्रश्न शोधून त्याचा पाठपुरावा करणे, यांत महदंतर आहे. मार्च २०२१ मध्ये योजनेची मंजूर मुदत संपली आणि पुढे ती स्थगित झाली.

दुसरा प्रवाह मुंबईत सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राचे कार्यकर्ते नगरपालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात गेले. विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलांची अडचण पुष्कळदा बुद्धीची नसून पाठ्यपुस्तकांच्या बोजड भाषेची आहे, असे त्यांस आढळून आले. भाषा सुबोध केली, प्रयोग हाती दिले, म्हणजे तीच मुले पुढे येतात. आधी निवड आणि मग जोपासना, हा क्रम येथे उलटा झाला.

१९८१ साली मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांच्या संघटनेने सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. ती मराठीतूनही देता येते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, पुढे कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत, अशा तिच्या पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये भारत १९९८ पासून भाग घेऊ लागला. तेथेही लेखी परीक्षेइतकाच वेळ प्रयोगाला दिला जातो.

या इतिहासाचा बोध आम्हांस असा दिसतो की, स्पर्धा हुशार मूल दाखवून देते, घडवीत नाही. पदक एकास मिळते. भिंग, तराजू आणि शंका विचारण्याची मोकळीक सर्वांस देता येते. बेळगाव असो, इंदूर असो वा फोंडा, आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांत मुलांच्या पाठांतराच्या व गायनाच्या स्पर्धा होतात आणि त्या व्हाव्यातच. त्याच उत्सवात अग्रशाळेची एक पडवी मुलांनी मराठीत वा कोंकणीत मांडलेल्या प्रयोगांसाठी राखून ठेवावी. तेथे क्रमांक लावण्याची घाई नको. गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने प्रत्येक मुलापाशी बसून, "हे तू कसे ताडून पाहिलेस?" एवढे आस्थेने विचारावे. १९६३ च्या परीक्षेतील प्रकल्प जे साधू पाहत होता, ते मायबोलीत साधण्याचा हा मार्ग आपल्या हातचा आहे.