विल्सन रोग

तांब्याच्या चयापचयातील (शरीरात सतत घडणाऱ्या भौतिक-रासायनिक घडामोडींतील) आनुवंशिक दोषामुळे उद्‌भवणारा विकार. अन्नातून आलेले जादा तांबे यात पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकले जात नाही. ते प्रथम यकृतात आणि नंतर मेंदू, डोळे, मूत्रपिंडे इ. अवयवांत साचत जाते. सुमारे ३०,००० व्यक्तींत एकास होणारा हा रोग विरळ आहे. तथापि, पूर्वी ज्याची खात्री बहुधा शवपरीक्षेनंतरच पटत असे, असा हा प्राणघातक रोग आता लक्षणे दिसण्यापूर्वीच ओळखता येतो व रोखताही येतो. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

इतिहास : कंप व ताठरता असलेल्या, परंतु शवपरीक्षेत मेंदूच्या बहुविध काठिण्याच्या खुणा न आढळलेल्या रुग्णांचे वर्णन कार्ल व्हेस्टफाल यांनी १८८३ मध्ये केले. बर्नहार्ट कायझर (१९०२) व ब्रूनो फ्लायशर (१९०३) यांना अशा रुग्णांच्या स्वच्छमंडलाच्या (बुबुळापुढील पारदर्शक पटलाच्या) कडेला हिरवट-तपकिरी कडे आढळले. ते प्रथम चांदीचे असावे असे मानले गेले. एस्. ए. किनिअर विल्सन (१८७८–१९३७) यांनी १९१२ मध्ये लंडन येथे मेंदूतील मसूराकार केंद्रकाचा ऱ्हास व यकृत् सूत्रण रोग यांचा संबंध दाखविला. रोग कौटुंबिक असला, तरी आनुवंशिक नसून त्यामागे एखादे विष असावे, असे त्यांचे मत होते. १९२१ मध्ये हॉल यांनी त्याची आनुवंशिकता दाखवून दिली.

यकृतात तांबे जास्त असल्याची नोंद १९१३ मध्येच झाली होती. पण तिचा अर्थ दीर्घकाळ उमगला नाही. १९४८ मध्ये कमिंग्ज यांनी यकृत व मेंदू या दोहोंतील तांब्याच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. १९५२ मध्ये शाइनबर्ग व गिट्लिन यांना रुग्णांच्या रक्तात सिरुलोप्लाझ्मीन हे तांबेयुक्त प्रथिन कमी असल्याचे आढळले. १९९३ मध्ये १३ व्या रंगसूत्रावरील सदोष जनुक (एटीपी७बी) ओळखले गेले.

लक्षणे : ती बहुधा ५ ते ३५ वर्षांच्या दरम्यान प्रकट होतात. लहान मुलांत कावीळ, जलोदर, थकवा ही यकृतविकाराची लक्षणे प्रामुख्याने असतात. तरुणांत हातांचा कंप, अडखळते बोलणे, लाळ गळणे, अक्षर बिघडणे व स्नायूंची ताठरता ही लक्षणे दिसतात. चिडचिड, अभ्यासातील घसरण वा वर्तनातील बदल हेच कधी कधी प्रथम जाणवतात आणि मूळ कारण लक्षात न आल्याने मौल्यवान काळ वाया जातो.

निदान : एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही. रक्तरसातील सिरुलोप्लाझ्मीन १०० मिलि. मध्ये २० मिग्रॅ. पेक्षा कमी, २४ तासांतील मूत्रात १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक तांबे आणि स्वच्छमंडलातील कडे ही प्रमुख गमके होत. हे कडे तंत्रिका तंत्राची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत आढळते. केवळ यकृत बिघडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत ते नसते. यकृताच्या शुष्क ऊतकात प्रतिग्रॅम २५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक तांबे आढळल्यास निदानास बळकटी येते. परंतु तेही निर्णायक नव्हे. पितळी भांड्यांत तापविलेल्या दुधाशी संबंध जोडल्या गेलेल्या भारतीय बालकांच्या यकृत् सूत्रण रोगातही यकृतात तांबे फार वाढते. या विकाराचे महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले. शंकास्पद स्थितीत जनुकीय तपासणी उपयोगी पडते.

चिकित्सा व प्रतिबंध : जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पोटात घेण्याजोगे पेनिसिलामीन वापरात आणले, ते तांब्याशी बद्ध होऊन त्याला मूत्रावाटे बाहेर नेते. त्यानंतर ट्रायएंटीन व आतड्यातील तांब्याचे शोषण रोखणारी जस्ताची लवणे उपलब्ध झाली. औषध आजन्म घ्यावे लागते. ते मध्येच थांबविल्यास यकृत एकाएकी निकामी होऊ शकते. अशा वेळी यकृताचे प्रतिरोपण करावे लागते.

आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव २५ टक्के असतो. लक्षणरहित रुग्णांना वेळीच औषध दिल्यास रोग टाळता येतो, असे स्टर्नलीब व शाइनबर्ग यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. म्हणून एका मुलात रोग आढळताच त्याच्या सर्व भावंडांची, ती निरोगी दिसत असली तरी, तपासणी करणे अगत्याचे ठरते.